यंदा दारफाळणी दसऱ्याला नाही

सोमवार, २ सप्टेंबर ८५

पहिली पाळी. तीन नंबरचा माग सकाळपासून नखरे करतोय. ताणा तुटतो, जोडतो, परत तुटतो. गंगाराम बोलला, "मोशा, त्याला एक नारळ दे, गप होईल."

गंगाराम माझा जोडीदार. चार माग त्याचे, चार माझे. त्याचं गाव आमच्या गावाशेजारीच, अलिबागच्या खाली. इतक्या लांब बोईसरला येऊन शेजारचाच भेटला.

आज जॉबरने, आमच्या मुकादमाने, रजेचं काढलं. जोडीतला एक रजेवर गेला की दुसऱ्याने आठही माग बघायचे. दोघांनी एकदम जायचं नाही. एकाला गणपती, एकाला दसरा. गंगारामकडे दहा दिवसांचा गणपती. मला गणपती नाही. मी बोललो, तू गणपती घे, दसरा मला दे. दसऱ्याला आमची दारफाळणी. सबंध दिवसाचा उपास, दारं लावून देवापुढे उभं राहायचं. बाहेरच्याला शिवायचं नाही. गंगारामला माहीत आहे. लहानपणी त्याची आय त्याला सांगायची, आज शनवार-तेल्यांच्या आळीत जाऊ नको, त्यांचा कडक दिवस हाय. शनवार-तेली म्हणजे आम्ही यहुदी, शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून.

जॉबरसमोर गंगारामने हात पुढे केला. "शब्द?"

"शब्द."

शुक्र. ६ सप्टें.

सुट्टी. बाजारात मासे घ्यायला गेलो. नेहमीच्या कोळणीकडे.

"मुशी घे, आत्ता आलीय."

"नको मावशी."

"कोलंबी?"

"नको."

"चिंबोरी तरी ने."

"खवले आणि पर असलेलं काय आहे ते दे."

"रोज खवलं बघतं ह्यो! लगीन करशील तेवा पोरीचं पण खवलं बघशील का रं?" अख्खी रांग हसली. मीपण. बोय घेतले. खवले आणि पर नसलेला मासा आमच्यात खात नाहीत.

बाबा मासा शेपटीकडून धरायचे आणि नख उलटं फिरवायचे. खवला सुटला की माशालाच बोलायचे, "चल, ये घरात."

बाबा गेले होळीच्या सणानंतर; आमचाही त्याच सुमाराचा एक सण, नाव तेच. तार मिळाली, मी पोचलो, तोवर माती झाली होती. आमच्यात त्याच दिवशी करतात, थांबत नाहीत. मुलाने अकरा महिने कद्दीश, गेलेल्या बापाच्या नावाची प्रार्थना, म्हणायचा, पण एकट्याने म्हणता येत नाही. दहा बाप्ये लागतात. इथे सरावलीच्या चाळीत मी एकटा, बाकी जौनपूर आणि सातारा. एकदा मुंबईला आमच्या मशिदीत, म्हणजे सिनेगॉगमध्ये, जाऊन म्हटला. तिथले लोक चांगले, पण बाबांना ओळखणारं कोणी नाही. बाबांनी जन्मभर आमच्या गावच्या मशिदीत तेल घातलं, काचा पुसल्या. आईला बोलून गेले, माझं नाव माझ्या मशिदीत घ्या.

गावात आता नऊ बाप्ये. बाकी सगळे इस्राएलला. मी गेलो की दहा. शलोमभाई आणि त्याच्या मुलाची तिकिटं दिवाळीच्या आतली आहेत. म्हणजे हीच दारफाळणी. पुढच्या साली दहा होणार नाहीत, कद्दीश होणार नाही.

दसऱ्याला जायचंच.

रवि. १५ सप्टें.

गंगाराम आज गेला. डोक्यावर ट्रंक, काखेत मखराचे कागद. "तुझ्या आयला काय सांगू?"

"सांग, दसऱ्याला येतो. हारूनकाकाला पण सांग." हारूनकाका बाबांचे धाकटे भाऊ. नमाज चालवणारे हजान गेले, तेव्हापासून ते काम काकाच बघतात.

आठ माग. एका टोकाला धोटा अडकला तर दुसऱ्या टोकाला ताणा तुटतो. दिवसभर पळत होतो. संध्याकाळी कानात नुसतं खटखट.

मंगळ. १७ सप्टें.

आजचं आजच लिहितो.

पाळी सुटल्यावर पालघरला गेलो. चपला घ्यायच्या होत्या. माहीम रस्त्याच्या बाजूला एक बैठी चाळ आहे, सावली म्हणून तिच्या पडवीतून चाललो होतो. एका दाराच्या उजव्या चौकटीला तिरकी पत्र्याची नळी ठोकलेली. मेझुझा, आत देवाच्या वचनाचा कागद. आमच्या दाराला आहे तसाच. मला कळायच्या आत माझा हात वर गेला, नळीला लावला, बोटं ओठाला लावली.

आतून आवाज. "कोण रे तू? इथे नळीला हात लावणारा या गावात मी सोडून कोण आला?"

पांढरं लुगडं, पांढरे केस, चष्मा. एस्तेरमावशी. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर. मुलगी इस्राएलला. गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं.

"आणि आज नव्याच्या सणाचा दुसरा दिवस, तू बाजार करत हिंडतोस?"

मी बोललो, नव्याचा सण, आपलं नवं साल, तर पुढच्या महिन्यात. दसऱ्याच्या आधी.

मावशी खुर्चीत बसल्या. "कोणी सांगितलं तुला?"

कोणी नाही. दर साली बाबांचा निरोप यायचा, अमुक दिवशी ये, मी निघायचो. स्वतः कधी मोजायची वेळ आली नाही. गेल्या साली दारफाळणी दसऱ्याच्या तोंडावर होती, ते डोक्यात बसलेलं. घरमालकाच्या कॅलेंडरात दसरा बघितला आणि मोकळा झालो.

मावशींनी सांगितलं ते असं. आपला महिना चंद्राचा, हिंदूंचाही चंद्राचा, म्हणून दोन्ही बरोबर चालतात. दोघांनाही मधेमधे एक अधिक महिना घालावा लागतो. हिंदूंचा अधिक यंदा श्रावणात येऊन गेला. आपला यायचाय, येत्या होळीच्या सणाला. तोवर दोन्ही पंचांगं महिनाभर लांब.

"दारफाळणी येत्या बुधवारी. २५ तारखेला. मंगळवारी सूर्य बुडला की सुरू."

गंगाराम गणपतीला. आठ माग माझ्याकडे. शब्द दिलेला.

मावशींनी नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा पुढे केला. "खा. सणाला आलेल्याने तोंड गोड केल्याशिवाय जायचं नाही." गिळला. चव कळली नाही.

चपला राहिल्याच.

बुध. १८ सप्टें.

चाळीत गणपती बसला. आरत्या.

जॉबरला गाठलं. मला २४, २५, २६ पाहिजेत.

"तुझा सण दसऱ्याला होता ना?"

"चूक झाली साहेब. पुढच्या बुधवारी आहे."

"अरे, देव तुमचा, तारीख तुम्हालाच ठाऊक नाही? का देवाने बदलली?" बाकीचे हसले. मग जरा बरं बोलला. "तू आधी सांगितलं असतंस तर गंगारामला थांबवलं असतं. आता त्याच्या घरी मूर्ती बसली. तू गेलास तर आठ माग बंद. माझ्या हातात नाही."

खरं आहे. त्याच्यावर राग नाही.

गुरु. १९ सप्टें.

खोलीतला रामदुलारे दुसऱ्या पाळीत माग चालवतो. सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळत मळत बोलला, "मोसे भाई, बुध का दिन मैं खींच दूँगा. डबल. पर एक ही दिन, दूसरे दिन गिर पड़ूँगा." त्याला छठला बदली पाहिजे. देईन बोललो. जॉबर तयार झाला, पण एकच दिवस.

बुधवार सुटला. पण एक दिवसात गाव होत नाही. मंगळवारी तीनला पाळी सुटणार. मुंबई गाठेपर्यंत सूर्य बुडायला आलेला, शेवटची लाँच गेलेली. एस.टी.ने गेलो तर अर्धी रात्र. आणि गुरुवारी सकाळी सातला परत मागावर.

पोस्टात जाऊन तार केली. रजा नाही, येत नाही, दहावा बघा. तारबाबूने वाचलं, चष्मा वर केला. "दहाव्याची आहे होय? मग तातडीची घेतो. कोण वारलं?" मी बोललो, वडील. खोटं नाही.

शुक्र. २० सप्टें.

सुट्टी. सकाळीच पालघर.

मावशींना विचारलं, मंगळवारी रात्री एस.टी.ने गेलो तर? सकाळी मशिदीत उभा राहीन. दहा होतील.

"दारफाळणीच्या रात्री गाडीत बसायचं, दिवस मोडायचा, आणि मोडलेला दिवस घेऊन माफी मागायला जायचं?"

"बाबांसाठी."

"बापाने तुला हे शिकवलं?"

मग दुसरं विचारलं. पहिल्या रात्री आपण कोल निद्रे म्हणतो, त्यात सगळे शब्द, शपथा सुटतात म्हणतात. मग गंगारामला दिलेला शब्दही सुटेल की. मंगळवारी सकाळीच निघून जातो. माग बंद पडले तर पडले.

मावशींनी चष्मा काढला. "त्यात सुटतात ते देवाजवळ केलेले नवस. माणसाला दिलेला शब्द त्या माणसानेच सोडायचा. देव त्यात पडत नाही. आणि माणसाचं बिघडवलंस तर आधी त्याच्या दारात जा, मग माझ्याकडे ये, असं देव त्या दिवशी सांगतो. मी वाचलेलं सांगते, मनचं नाही."

"तुम्ही कधी काम नाही केलं दारफाळणीला?"

"केलं. तीनदा. बाळंतीण थांबत नाही, जीव वाचवायला सगळं मोडायला सांगितलंय. तुझ्या मागावर कोण बाळंत होणार आहे?"

हसू आलं. त्यांनाही.

मग कद्दीश म्हणायला लावला. मी कानाने शिकलेला. पहिली ओळ बरी, पुढे घसरगुंडी. मधलं एक वाक्य मी सबंध गाळतो, बाबापण गाळायचे बहुतेक. मावशींनी अक्षरावर बोट ठेवून एकेक शब्द घेतला. मी सातवी नापास, आणि ही अक्षरं तर उजवीकडून.

"तुम्हाला पाठ कसा?"

"माझ्या बापाला मुलगा नव्हता. अकरा महिने दुसऱ्याच्या तोंडून ऐकला. बायकांच्या बाजूला बसून. पाठ झाला, म्हणायची वेळ आली नाही."

सोम. २३ सप्टें.

आठ माग. तीन नंबर आज शहाण्यासारखा. जेवणाच्या सुट्टीत गोदामामागे जाऊन कद्दीश घोळवला, मधलं वाक्य धरून. दोनदा बरोबर, एकदा चुकला.

पाठ करून काय. नऊच आहेत तिथे.

कदाचित अलिबागहून कोणी आला असेल. त्यांचेच दहा कसेबसे होतात.

मंगळ. २४ सप्टें., पालघर

सूर्य आहे तोवर लिहून ठेवतो. अंघोळ केली, मावशींनी त्यांच्या मालकाचा जुना पांढरा सदरा दिला. खांद्यात ढगळ. वरण-भात जेवलो. मावशींनी तुपाचा दिवा लावला, दोन्ही दारं ओढली. शेजारीण ओरडली, "सिस्टर, गणपतीचा प्रसाद!" मावशी आतून, "परवा दे गो, आज आमी बंद!"

वही आता बाजूला.

गुरु. २६ सप्टें.

काल लिहायचं नव्हतं, म्हणून आज.

दिवसभर दोघंच. मावशी वाचत होत्या, मी मागून. जिथे दहा लागतात तिथे त्या थांबायच्या, बोट पानावर ठेवायच्या आणि पान उलटायच्या. कद्दीशच्या जागीही तसंच. मला वाटलं होतं की मी न राहवून म्हणेन. नाही म्हटला. पान उलटलं जाताना बघितलं.

भूक दुपारी गेली. तहान राहिली. बाहेर कोणाच्या तरी घरी झांजा. मी सारखा विचार करत होतो, आत्ता काका धर्मग्रंथाच्या पेटीसमोर उभे असतील. आत्ता नावं घेत असतील. आमच्यात माणसं आकड्याने मोजत नाहीत, नावं घेतात. नऊ नावं झाली की काका दाराकडे बघणार.

शेवटच्या नमाजाला, स्वर्गाची दारं मिटायच्या वेळी, मावशी उभ्या राहिल्या त्या बसल्याच नाहीत. सत्तरीच्या बाईचे पाय थरथरत होते. मी खुर्ची सरकवली, त्यांनी पायाने मागे सारली.

तारे दिसले. शरबत, रव्याच्या पुऱ्या. बाकीच्या पुऱ्या बांधून दिल्या. "उद्या शिळा सण, दान करायचा दिवस. वाटून टाक."

रामदुलारेने चार खाल्ल्या. "ऐसा उपवास हो तो मैं भी यहूदी." डोळे लाल होते त्याचे. दोन पाळ्या ओढल्या होत्या.

रवि. २९ सप्टें.

गंगाराम आला. पाळीत बोलता येत नाही, मागांच्या आवाजात. सुटल्यावर चहाच्या टपरीवर बसलो. तिथे त्याने सगळं सांगितलं.

बुधवारी सकाळी तो आमच्या आळीत गेला होता. त्याने सांगितलेला दसऱ्याचा निरोप ऐकून आईने कपाळाला हात लावला होता, मग माझी तार पोचली. तरी त्याला वाटलं, मी येईनच.

"मशिदीचं दार सताड उघडं, मोशा. नाहीतर त्या दिवशी बंद असतंय ना. काका उंबऱ्यात उभे. मला लांबनंच बोलले, थांब तिथं, आज शिवू नको. मग विचारलं, आला का तो? मी बोल्लो, नाय काका, तो माझे माग बघतोय."

"मग?"

"मग काय. मला लाज वाटली. मी बोल्लो, काका, मला धरा की दहावा. आंघोळ करून आलोय. गणपती घरी बसलाय, काल मच्छी पण खाल्ली नाय."

"काका काय बोलले?"

"हसले. डोळ्यात पानी, आणि हसले. बोल्ले, तुला धरलं असतं रे गंगाराम, पन तू चालत नायस." त्याने बशीतला चहा ओढला. "मग ते आत गेले. ती कोपऱ्यातली खुर्ची हाय ना, मोठी, तुमच्या पोरांच्या सुंतेची, ती दोघांनी उचलून मधी आनली. वर पांढरी चादर घातली. काका मोठ्याने बोल्ले, दहावा हा, एलियाहू हन्नबी. आनि दार लावून घेतलं. मग आतनं तुझ्या बाबाचं नाव ऐकलं मी. झाडाखाली उभा होतो."

कद्दीश काकांनी म्हटला. बाबांच्या नावाने. बाबांच्या मशिदीत.

गंगाराम बोलला, "झालं ना मग? का नाय झालं?"

मी चहाचे पैसे दिले.

मंगळ. १ ऑक्टो.

डोक्यातून ती खुर्ची जात नाही. हन्नबी, मरण न आलेला आमचा पैगंबर. त्याच्यावर आमच्याकडे सगळ्यांचा जीव. आजारपण, लग्न, नवं घर, हन्नबीचा मलिदा. पोहे, गूळ, खोबरं, ताटाभोवती सगळी आळी. तो येतोच, असं आई सांगते. मग दारफाळणीला का नाही येणार?

शुक्र. ४ ऑक्टो.

मावशींना सांगितलं. वाटलं होतं, रडतील. भडकल्या.

"खुर्ची धरून कद्दीश? हारूनला हे कोणी शिकवलं?"

"हन्नबी येतो ना पण."

"येतो. सुंतेला येतो, मलिद्याला येतो. साक्षीला येतो, संख्येला नाही. दहा म्हणजे दहा जिते बाप्ये, घाम येणारे, खोकणारे. नऊ असले तर नऊचा नमाज करायचा, तो काय कमी आहे? जे दहाचं ते सोडून द्यायचं. आपण सोडलंच ना त्या दिवशी?"

त्यांनी पाणी दिलं. जरा वेळाने, हळू, "मी तिथे नव्हते. हारूनने भावासाठी केलं. देवाने काय लिहिलं ते देवाकडे. पण तू दसऱ्याला जातोस ना? शलोम आणि त्याचा पोरगा आहेत ना अजून? मग तुझ्यासकट दहा होतात. साध्या दिवशीही दहा मिळाले की कद्दीश होतो. म्हण."

"काका विचारतील, परत कशाला? मग काय सांगू? त्या दिवशी हन्नबी आला नव्हता म्हणून?"

मावशींनी चष्मा काढून पदराने पुसला.

मग बोलल्या, "परत म्हटल्याने कद्दीश झिजत नाही."

झिजत नाही. पण काका? दारात उभे राहिलेले ते. वाट बघितली ती त्यांनी. मी नव्हतो, म्हणून त्यांना खुर्ची आणावी लागली. आता मीच जाऊन सांगायचं, तुमचा दहावा खोटा होता. तेही त्या आठ जणांसमोर, ज्यांनी आमेन म्हटलं.

बुध. ९ ऑक्टो.

गंगाराम: "म्हातारा मानूस हाय. मनाचं समाधान केलं त्याने. तू ते उघडं पाडू नको."

रामदुलारे: "बाप तुम्हारा है कि चाचा का? जिसका बाप, वो बोले."

दोघांचंही बरोबर वाटतं. ज्याचं ऐकतो त्याचं, पाळी सुटेपर्यंत. सुटली की दुसऱ्याचं.

सोम. १४ ऑक्टो.

कारखान्यात खंडेनवमीची तयारी. माग पुसले, तेल दिलं. जॉबर बोलला, "काय रे मोशे, आता तुझा सण नाही, तरी रजा घेणार?" मी बोललो, घेणार. "कशाला?" बाबांचं काम आहे.

पूजेला मी नसणार म्हणून त्याने तीन नंबरच्या मागाला स्वतःच्या हाताने हळद-कुंकू लावून ठेवलं, आठवडा आधीच. बहुतेक तोही कंटाळलाय त्याला.

शुक्र. १८ ऑक्टो.

मावशींकडे शेवटचा धडा. कद्दीश सबंध म्हटला, मधलं वाक्य धरून, न थांबता. त्यांनी एकदाही बोट उचललं नाही. म्हटलं, आता आमेन तरी म्हणा. "इथे नाही. तिथे म्हणतील." खोटंखोटंसुद्धा म्हणाल्या नाहीत.

निघताना विचारलं, मावशी, काका जर बोलले की झालं ते झालं, परत नको?

"काका मोठा. त्याचं ऐक."

"आणि बाबा?"

"बापाचंही ऐक." आणि दार लावून घेतलं. शुक्रवार, शनवारचा दिवा लावायची वेळ झाली होती.

हे काय उत्तर झालं. गाडीत बसेपर्यंत राग आला होता. नंतर वाटलं, त्यांनाही माहीत नसेल.

रवि. २० ऑक्टो.

पिशवी भरली. उद्या पहाटेची गाडी, मग धक्का, मग लाँच, मग एस.टी. गंगारामने आठ माग घेतले, हात पुढे केला, बोलला, "शब्द." मी हसलो, पण तो हसत नव्हता.

कोळणीकडून सुके बोंबील घेत होतो आईसाठी, आणि मग आठवलं की बोंबलाला खवले आहेत का नाहीत यावर बाबा आणि काका आयुष्यभर भांडले. बाबा खात नसत. काका खात. एका ताटाला बसत, एक खाई, एक बाजूला सारी, आणि दुसऱ्या दिवशी परत एका ताटाला. कोणी कोणाला हरवलं नाही कधी. बोंबील नाही घेतले. खवल्यांचा सुका दाढा घेतला.

काका एस.टी. थांब्यावर येतील. दोन्ही हात त्यांच्या हातात देईन, बोटं ओठाला लावीन, हातबोशी करीन. ते विचारतील, किती दिवस आहेस? मी सांगेन, दोन. मग आळीपर्यंत चालायचं. शलोमभाईचं घर वाटेत. त्याला हाक मारून, उद्या सकाळी मशिदीत ये, एवढं म्हटलं की काकांना सगळं कळेल, पुढे काही बोलावं लागणार नाही.

नाही मारली हाक तर तसेच पुढे जाऊ.